खान्देशातलं हवामान: तुमच्या डोळ्यांदेखत काय बदललं? (अनुभव धागा)

गिरणाथडी (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात पाचोऱ्याजवळ मामाकडे गेलो होतो. मामाच्या ओसरीत खिळ्याला जुन्या दिनदर्शिकांची चळत टांगलेली असते. एकही रद्दीत जात नाही, कारण चौकटींमध्ये मामानं पेन्सिलीनं बारीक नोंदी करून ठेवल्यात: ‘पानी उना’ (पाऊस आला), ‘कपाशी लावी’, ‘पयला गारठा’, ‘आंबाले मोहर’. चाळता चाळता लक्षात आलं की गेल्या तीन वर्षांच्या चौकटींत दूधवाल्याचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख, एवढंच आहे. विचारलं तर म्हणाला, “काय लिखू भाऊ? पानी येस, पन तो पेरनीना का वादयना, तेच समजत नही.”

त्यावरून हा धागा. ‘ऊन फार वाढलंय’ एवढाच प्रतिसाद नको, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या गोष्टीवर तुमचा किंवा घरच्यांचा अंदाज बांधलेला होता आणि तो चुकायला लागला, अशी एखादी गोष्ट सांगा. पीक, पाखरू, नदी, धंदा, काहीही चालेल. आकडा पक्का माहीत असेल तर द्या, नसेल तर ठोकून देऊ नका. आणि समुद्र आपल्याकडे नाही म्हणून त्याचा विषय निघणार नाही असं समजू नका. तापी शेवटी तिकडेच जाते आणि पाऊसही तिकडूनच येतो.

केळीचं पान, रावेर

आमची साडेतीन एकर केळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जून-जुलैत लावतात ती मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपास लावतात ती कांदेबाग. कोणत्या बागेची निसवण कधी येणार, म्हणजे घड कधी बाहेर पडणार, हे वडील बोटांवर मोजायचे. निसवण कडाक्याच्या थंडीत सापडू नये आणि भरलेला घड मे-जूनच्या वाऱ्यात सापडू नये, सगळी कसरत एवढ्यासाठीच.

दोन वर्षांमागे डिसेंबर असा गेला की स्वेटर ट्रंकेतून बाहेर आलं नाही. ढगाळ, दमट, रात्री पंखा. करपा रोगानं खालची पानं खाल्ली. आणि मग जानेवारीत चार रात्री थंडी अशी कोसळली की पहाटे पाइपला हात लावला तर चटका बसल्यासारखं व्हायचं. केळीला बारा-तेरा अंशांच्या खाली वाढ जमत नाही. घड पोग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून) अर्धा बाहेर येतो आणि त्याची मान अडकते. मग तो वरून न येता खोडाचीच कूस फाडून वाकडा बाहेर येतो. असा घड कुणी पाहिलाय? फण्या एकमेकींत गुंतलेल्या, केळी मुठीत आवळल्यासारखी. व्यापारी त्याला हातसुद्धा लावत नाही. गुरांपुढे टाकला तर म्हैस हुंगून बाजूला झाली.

आम्ही काय केलं? पहाटे तीनला मोटार चालू करून विहिरीचं कोमट पाणी सोडलं, बांधावर ओला पाला पेटवून धूर केला. वडिलांनी शिकवलेलं तेच. त्यानं थोडं वाचलं. पण वडिलांच्या काळी थंडी दिवाळीपासून पायरी पायरीनं उतरायची, झाडालाही सवय व्हायची. आता सगळ्या पायऱ्या गाळून एकदम तळघरात उडी.

वाऱ्याचं तर विचारूच नका. मेच्या शेवटी वादळ आमच्याकडे पूर्वीही यायचं, म्हणून तर बांधाला शेवरी लावायची पद्धत. आता एप्रिलपासून कधीही येतं. वीस मिनिटं वारा असतो. थांबल्यावर बागेत गेलं की फक्त मोडलेल्या खोडांतून पाणी ठिबकल्याचा आवाज. काल डोक्यावर असलेली बाग आज गुडघ्याला.

विम्याचं एक सांगतो. फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे. नुकसान बघून नाही, महसूल मंडळातल्या यंत्रानं टिपलेल्या तापमानावरून पैसे मिळतात. यंत्र उंचवट्यावर, माझी बाग नाल्याकाठच्या खोलगटात, आणि थंडी खोलगटातच साचते. त्या जानेवारीत यंत्रानं ठरल्याइतकी थंडी ठरल्याइतके दिवस सलग टिपली नाही. म्हणजे कागदावर माझ्या घडांची मान अडकलीच नाही.

आबा चोपडेकर

सगळं हवामानावर ढकलायची फॅशन झाली आहे. खान्देशात ऊन नवीन आहे का? आमच्या लहानपणीही लू लागायची, कांदा खिशात घेऊन फिरायचो. बाहत्तरचा दुष्काळ मी पाहिलाय, सुकडी खाल्लीय, खडी फोडलीय. तेव्हा कुठे होता तुमचा हवामानबदल?

अमळनेरची मीना

आबा, दिवसाचं बरोबर आहे तुमचं. पण रात्रीचं काय? उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट मातीच्या छतावर) झोपायचो तेव्हा मध्यरात्रीनंतर गोधडी लागायची. आता दोन वाजता गच्चीवर फरशी पायाला कोमट लागते. पाणी मारून झोपलं तरी चारला जाग.

आबा चोपडेकर

मातीची धाबी तुम्हीच पाडली, त्यावर स्लॅब तुम्हीच टाकला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री गार व्हायचा कसा? त्यात ढगांचा काय दोष?

गिरणाथडी (धागाकर्ता)

आबांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. सिमेंटचं गाव रात्री गरमच राहणार. पण शेतात खाट टाकून झोपणारेही हेच सांगतात. आणि १९७२ सारखी वर्षं पूर्वीही यायची हे खरंच. तसं वर्ष कधी येईल आणि त्याच्या शेजारचं वर्ष कसं असेल, याचा मेळ बसत नाही, तक्रार ती आहे. पुढे चला.

रूळरस्ता, भुसावळ

निवृत्त माणूस आहे, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. नोकरी सगळी रुळावर गेली. शेवटची नऊ वर्षं कीमॅन होतो. खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि झेंड्या, ठरलेला पट्टा पायी चालायचा, सुटलेल्या चाव्या (रूळ धरून ठेवणाऱ्या पाचरी) ठोकायच्या, रुळाकडे बघत जायचं.

भुसावळचं ऊन पेपरात पंचेचाळीस-सेहेचाळीस छापून येतं. रूळ त्याच्यापेक्षा पंधरा-वीस अंश तरी वर असतो. आता सांधे कमी, लांबच लांब वेल्डिंग केलेला रूळ, त्याला फुगायला जागा नाही. फार तापला तर बाजूला सरकतो, नागासारखा वाकतो. म्हणून रुळाचं तापमान ठरावीक आकड्याच्या वर गेलं की उन्हाळी गस्त लागते, भर दुपारी. रूळ वाकायच्या आधी खडी सांगते. स्लीपरच्या टोकाशी खडी किंचित हललेली असते, बोट जाईल एवढी फट पडते. ती दिसली की बूड टेकवून बसायचं नाही, झेंडी काढायची.

तेच रूळ जानेवारीच्या रात्री आखडतात आणि वेल्डिंगला तडा जातो, म्हणून हिवाळी रात्रगस्त वेगळी. नोकरीला लागलो तेव्हा या दोन गस्तींच्या मध्ये मोकळे दिवस असायचे. मार्च म्हणजे होळीचं काम, नट-बोल्टला तेल, निवांत. शेवटच्या दोन-तीन वर्षांत फेब्रुवारीत रात्रीची गस्त संपते न संपते तोच दुपारची सुरू. मधला मार्च कुठे गेला कळलंच नाही.

२०२४ च्या मेमध्ये उन्हामुळे जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं, दुपारी मजुरांकडून उन्हात काम करून घेऊ नका म्हणून. चांगली गोष्ट. पण रूळ काही दुपारी घरी जात नाही, मग त्याच्या मागे माणूस जाणारच. किलोमीटरच्या दगडाची सावली वीतभर पडते. तेवढ्या सावलीत तोंड घालून बसलेलं कुत्रं मी पाहिलंय. उठवलं नाही.

लालपथारी, नंदुरबार

माझी आई हंगामात मिरचीच्या पथारीवर जाते. नंदुरबारला आलात तर लांबून दिसतं, मैदानंच्या मैदानं लाल. शेतातून ओली लाल मिरची येते, ती जमिनीवर पसरायची, उलटीपालटी करायची, वाळली की बायका देठ खुडतात. किलोवर मजुरी. रात्री हातांची आग होते, आई खोबरेल लावून हात उताणे ठेवून झोपते.

सगळा धंदा एका भरवशावर उभा: दसरा झाला की पाऊस नाही. दिवाळीनंतर आकाशाकडे बघायचं कारणच नाही. शेड नाहीत, छप्पर नाही, लागलीच नव्हती कधी.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. वारा सुटला, मग गारा, मग पाऊस. आई सांगते, ताडपत्री ओढेपर्यंत मिरचीवरून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पाणी लाल होतं. बायका चपला हातात घेऊन त्या लाल पाण्यातून पळत होत्या, पायांची आग होत होती. भिजलेली मिरची पुन्हा वाळवली तरी रंग जातो, पांढरट डाग धरते, आतून बुरशी. व्यापाऱ्याचं नुकसान पेपरात आलं. आईला दहा दिवस काम नव्हतं, ते कुठेही आलं नाही. कारण मिरची तिची नव्हतीच.

आता त्या सगळ्या जणी मोबाइलवर ढगांचं चित्र बघतात. आईला वाचता येत नाही, पण निळ्याचा जांभळा झाला की काय करायचं ते बरोबर कळतं.

केळीचं पान, रावेर

ताई, वाचून काटा आला. २६ नोव्हेंबरच्या पावसात आमच्याकडे हरभरा आडवा झाला होता. हरण्याचं राहिलंच सांगायचं, केळीवरचा विषाणू, पानावर पट्टे पडतात आणि झाड मुळासकट उपटून टाकावं लागतं. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात फार पसरला. मावा ही बारीक कीड तो पसरवते आणि सतत ढगाळ, रिपरिप असली की माव्याचं फावतं. पण त्याला आसरा देणारी काकडी, भोपळा, गवत बागेच्या बांधाला कोण ठेवतं? आपणच. तेव्हा त्यातला निम्मा दोष माझ्या खाती.

लिंबायतकर, सुरत

मूळ गाव शिंदखेड्याजवळ. वडील मिलमध्ये आले आणि आम्ही सुरतचे झालो. इथे उधना-लिंबायतला आपला अर्धा खान्देश राहतो, अहिराणीत भांडलं तरी चालतं.

धागाकर्त्यांनी समुद्राचं काढलं म्हणून लिहितो. आमच्याकडे तापी समुद्राला मिळते. तुम्ही तिचं डोकं बघता, आम्ही पाय. ऑगस्ट २००६ चा पूर लहानपणी पाहिला. वर पाऊस, उकाई धरण भरलेलं, पाणी सोडलं, आणि इथे शहर बुडालं. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होडी लागली होती. आजीनं तिकडे गावी फोन करून विचारलं होतं, “तठे इतला पानी उना आनि तुम्हीन सांगं बी नही?” जणू काका पाणी अडवून धरणार होते.

समुद्र म्हणजे वाऱ्याचं आणि ढगांचं कोठार, असं मी समजतो. पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साचते आहे तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रच पितो. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानानं शांत गणला जायचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी, रॉक्सी मॅथ्यू कोल त्यांच्यात आहेत, २००१ ते २०१९ या काळातली अरबी समुद्रातली चक्रीवादळं मोजली तर आधीच्या दोन दशकांपेक्षा ती ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. कोमट पाणी हे वादळाचं खाद्य.

हे आकडे झाले. माझा अनुभव सुक्या बोंबलाचा आहे. हसू नका. आई दर वर्षी पावसाळ्याआधी बोंबील-झिंगे भरून ठेवते आणि गावी पाठवते. काकू आठवडे बाजारात घ्यायच्या, पण त्यांना आमच्याकडचेच लागतात. सुका बोंबील पुष्कळसा जाफराबादकडून येतो. मे २०२१ ला तौक्ते वादळ त्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, जाफराबादच्या बंदरात होड्या एकमेकींवर चढल्या. त्या वर्षी आईला बोंबील मिळाले ते अर्धवट वाळलेले, वास मारणारे, आणि भाव विचारून ती परत आली. शिंदखेड्यात काकूंच्या पावसाळ्यातल्या कालवणात बोंबील नव्हता. समुद्रावरची बातमी तिकडे अशी पोचते.

आणि वर्षभर आधी, जून २०२० ला, निसर्ग वादळ अलिबागकडे चढलं तेव्हा त्याची शेपटी नाशिकवरून उत्तर महाराष्ट्रातच आली होती. तेव्हा समुद्र लांब आहे हा समज सोडा.

चक्रवाक, जळगाव

वीसेक वर्षं हिवाळ्यात हतनूर धरणावर आणि जमेल तेव्हा मेहरूण तलावावर पक्षी बघतो. आधीच सांगतो, ‘हवामान बदललं म्हणून बदकं येत नाहीत’ असं वाक्य माझ्याकडून काढून घेऊ नका. मध्य आशियातून येणारा पट्टकादंब कधी निघणार ते तिकडच्या थंडीवर ठरतं, इथे कुठे उतरणार ते पाण्यावर. आपण फक्त उतारू मोजतो.

पण दोन गोष्टी नोंदवहीत आहेत त्या लिहितो.

पहिली, चिखलाची. तुतवार, चिखल्या असले छोटे पक्षी पाण्यात पोहत नाहीत, काठाच्या ओल्या चिखलात चोच खुपसून खातात. परतीचा पाऊस वेळेत आटोपला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जलाशय उतरायला लागतो आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. पाऊस लांबला की पाणी काठाच्या झुडपांत शिरलेलंच राहतं. मग बदकं मजेत, आणि हे बिचारे येतात, वरून दोन घिरट्या घालतात आणि पुढे जातात. उतरायला जागाच नसते.

दुसरी, वाळूची. नदीसुरय आणि छोटी आर्ली तापीच्या पात्रात उघड्या वाळूवर अंडी घालतात, मार्च ते मे. घरटं म्हणजे नुसता खळगा. पाण्यानं वेढलेलं बेट असलं की कुत्री-कोल्ही पोचत नाहीत, आणि जूनपर्यंत पाणी वाढत नाही, हा त्यांचा हिशेब. २०२५ च्या मेमध्ये काय झालं आठवतंय ना? मान्सून केरळात २४ मे रोजीच दाखल झाला आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे वळवाचा पाऊस कोसळत होता. मी ज्या बेटावर अकरा खळगे मोजले होते तिथे आठ दिवसांनी गेलो. बेट होतं. वर ओल्या वाळूची सपाट चादर, आणि एक सुरय चोचीत मासा धरून पाण्यावर खाली-वर उडत होता, द्यायला कुणी नव्हतं.

आता दुसरी बाजू. त्याच्या शेजारचं बेट पावसानं नव्हे, वाळूच्या ट्रॅक्टरांनी नेलं. त्याला मान्सून जबाबदार नाही.

चातकाचंही एक. तो आफ्रिकेकडून मान्सूनच्या वाऱ्यांबरोबर येतो. २०२३ ला आमच्या टेकडीवर जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. तेव्हाच अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ घुटमळत बसलं होतं, मान्सून अडला आणि राज्यात पुढे सरकायला २४-२५ जून उजाडला. चातक बिचारा सुक्या बाभळीवर तीन आठवडे ओरडत होता. शेजारचा शेतकरी मला म्हणाला, “तुमचा पक्षी खोटं बोलायला लागला.”

वढोद्याचा, मुक्ताईनगर

पक्ष्यांचं निघालं तर वाघाचंही सांगा कुणीतरी म्हणून मीच लिहितो. मध्यंतरी व्हॉट्सॲपवर फिरत होतं की उष्णता वाढली म्हणून वाघ केळीत यायला लागले. साफ चूक. डोलारखेडा-चारठाणा भागात वाघ केळीच्या बागेत फार आधीपासून राहतात. बाग गार, दाट, पाटाचं पाणी, रानडुक्कर आयतं. आमच्यासाठी ती शेती, त्याच्यासाठी जंगलच. २०१४ ला इथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव जाहीर झालं ते त्यामुळेच. मला एवढंच दिसतं की उन्हाळ्यात जंगलातले पाणवठे आता लवकर आटतात आणि बागेतला मुक्काम लांबतो. तेही दर वर्षी नाही. वादळात बागा झोपल्या की वाघ कुठे जातो, हा प्रश्न मात्र मला कधी कुणी विचारला नाही.

केळीचं पान, रावेर

आम्हाला तरी कुठे कुणी विचारतं?

तितूरकाठ, चाळीसगाव

३१ ऑगस्ट २०२१. त्याआधी अख्खा महिना पावसानं ओढ दिली होती. दुकानात येणारा प्रत्येक जण जळालेल्या मुगाचं बोलत होता. रात्री पाटणादेवीकडच्या डोंगरात पाऊस झाला, पहाटे डोंगरी आणि तितूर दोन्ही नद्या गावात. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद.

आमचं किराणा-धान्याचं दुकान जुन्या बाजारात. पाणी छातीपर्यंत. उतरल्यावर चिखल काढायलाच चार दिवस गेले. मागच्या खोलीत दार अडकलं होतं, ते सहाव्या दिवशी पहारीनं उघडलं. आत मटकीची पोती होती. सगळ्यांना मोड आलेले, पोत्याच्या विणीतून बाहेर, पांढरे, बोटभर लांब. अंधारात पोती अंगावर लव आल्यासारखी दिसत होती. आई म्हणाली, महिनाभर शेतात जे उगवलं नाही ते इथे उगवलं. आणि मग बसून रडली.

गिरणाथडी (धागाकर्ता)

काय लिहिलंयत. कोरडा ऑगस्ट आणि त्याच्याच शेवटी पूर, हे सुटं सुटं नाही म्हणून मध्ये बोलतो. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे ढगाची घागर मोठी झाली. भरायला वेळ लागतो, मध्ये कोरडे दिवस जातात, आणि उलटली की एकदम. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात दाखवलंय, तोही कोल आणि सहकाऱ्यांचाच. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट हे त्याचं एक कारण. उलट २०२३ चा ऑगस्ट एल निनोच्या (प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या) वर्षात गेला आणि देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. एकूण पाऊस ‘सरासरीइतका’ छापून येतो आणि मुगाला काही ती सरासरी खाता येत नाही.

डोंगरगुरुजी, धडगाव

सातपुड्यात सोळा वर्षं शाळेवर आहे. नेट पकडायला टेकडीवर यावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

इथे हजेरीपट हेच हवामानाचं यंत्र. मोहाची फुलं पडायला लागली की पोरं शाळेत येत नाहीत. फुलं रात्री-पहाटे पडतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि अस्वलं वेचतात. पूर्वी मार्चच्या मध्यापासून तीनेक आठवडे पट निम्मा व्हायचा. मी परीक्षा त्या हिशेबानंच लावायचो. आता फुलं कधी फेब्रुवारीतच सुरू होतात, ढग आले की चार दिवस थांबतात, पुन्हा पडतात. पोरं चार दिवस गायब, दोन दिवस हजर, परत गायब. एका पोराला विचारलं, काल का आला होतास? म्हणाला, “गुरुजी, झाड बंद होतं.”

मोहापेक्षा मोठा फटका आमचूरला. धडगावच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, खडकावर नाहीतर अंगणात वाळवायच्या. पांढरी स्वच्छ फोड असेल तर भाव, काळी पडली की मातीमोल. सगळं घर बसतं सोलायला, आजीपासून पहिलीतल्या पोरीपर्यंत. २०२५ च्या मेमध्ये सलग पाऊस. फोडी खडकावरून उचलून घरात, चुलीवर माळ्याला, खाटेखाली. धुरानं वाळल्या त्या तपकिरी झाल्या. एका घरात मी चहा प्यायला बसलो तेव्हा डोक्यावर, पायाखाली, अंथरुणावर नुसत्या फोडी, आणि सगळ्या घराला आंबट दर्प. व्यापाऱ्यानं एक फोड मोडून बघितली आणि खाली टाकली. काही बोललासुद्धा नाही.

थंडी मात्र आहे अजून. डाब आणि तोरणमाळच्या बाजूला कडक हिवाळ्यात गवतावरचं दव गोठतं, पोरं ते पत्र्यावरून खरवडून खातात. पण ती कधी नाताळात, कधी फेब्रुवारीत. त्यामुळे आंब्याला मोहर दोन-दोन टप्प्यांत. एकाच फांदीवर वाटाण्याएवढी कैरी आणि नवा मोहर.

जाता जाता: याच सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा दिसलं होतं. १८८४ नंतर ११३ वर्षं ते जगाला मेलेलं होतं. इथल्या लोकांना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं. पण विचारलं कुणी नाही.

पांझरेची लेक, साक्री

आमच्याकडे ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढ्या, घोडी, कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड घेऊन निघतात. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला रात्रभर पाऊस आणि गार वारा झाला. ओल्या लोकरीत मेंढी आतून गारठते. सकाळी आमच्या वावरात बसलेल्या कळपातल्या सतरा उठल्याच नाहीत. म्हातारा एकेकीच्या तोंडाला हात लावून बघत होता. आमच्या वावरात बसलेल्या, म्हणून बाबांना आठवडाभर अपराध्यासारखं वाटत होतं. काही कारण नसताना.

बारीपाड्याचंही कुणीतरी लिहा. तिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलंय, २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली. माझी आत्या त्या बाजूला आहे. ती म्हणते पाऊस त्यांच्याकडेही तसाच वेडावाकडा येतो, फक्त विहीर मेपर्यंत साथ देते.

अमळनेरची मीना

दोनच ओळी. आमच्या चिंचेवर मोठी वटवाघळं असतात, शेकड्यानं. मागच्या एका मेमध्ये दुपारी ती पंखांनी वारा घेत होती, मग एकेक खाली पडायला लागलं. धप्प. धप्प. आम्ही पोत्यावर पाणी मारून ठेवलं, काही सरपटत त्यावर गेली. संध्याकाळपर्यंत पंचवीस-तीस मेली. सासूबाई आधी म्हणायच्या अपशकुनी आहेत, हाकला. आता उन्हाळ्यात स्वतः चिंचेखाली परात भरून ठेवतात.

बामणोदकर

एवढ्या दुःखात माझं बारीक. भरताची वांगी. खरं भरीत थंडी पडल्यावरचं, कापसाच्या काड्यांवर भाजलेलं. थंडी नसली की वांगं आकार धरतं पण आत बी फार, आणि चव पाणचट. यंदा पाहुण्यांना बोलावून तीन वेळा तारीख बदलली. शेवटी पंखा लावून भरीत-कळण्याची भाकरी खाल्ली. असं भरीत मी आयुष्यात खाल्लं नव्हतं, आणि हे कौतुक नाही.

आबा चोपडेकर

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही असं समजा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही घागरीखाली चार ढेकळं ठेवतो, जेठ, आखाड, सावन, भादवा. जे भिजेल त्या महिन्यात पाऊस. गेल्या काही सालांत चारही भिजतात किंवा एकही भिजत नाही. पण घागर आता फॅक्टरीची आहे, ती कशीही झिरपते, त्यामुळे मी त्यावर काही बोलत नाही.

आणि धागाकर्ते, एवढं रामायण झालं, पण मुख्य माल तुम्ही टाकलाच नाही. मामाच्या दिनदर्शिकेत ‘पयला गारठा’ कोणकोणत्या तारखांना आहे ते लिहा की. मग बघू कोण खरं.

गिरणाथडी (धागाकर्ता)

शुक्रवारी पाचोऱ्याला जातोय आबा, सगळ्यांचे फोटो काढून टाकतो. १९९३ पासूनच्या आहेत. मधल्या दोन वर्षांच्या उंदरांनी खाल्ल्यात, तेवढ्या सोडून.